टाक्याचा तळ

“पान्याचं मले कोनी शिकवू नये,” शफीक म्हणाला. “येत्या जुम्म्याले टाक्याच्या काठावर उभे राहा आन् खाली पाहा. मिशीतले पांढरे केस मोजता येतील तुमाले. आरसा करून ठेवतो, आरसा.”

हे तो भगवंतरावांना म्हणाला, कारण ऐकणाऱ्यांत मिशी फक्त त्यांनाच होती. भगवंतरावांचं वावर शफीकच्या जिनिंगला लागून. त्यामुळे जिनिंगच्या आवारात काहीही घडलं की ते धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, उतरून सल्ला द्यायला येत. त्या दिवशी त्यांनी मिशीवरून हात फिरवला, चहा संपवला आणि “पाहू ना बापा,” एवढंच म्हणाले. वऱ्हाडात ‘पाहू ना बापा’ म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्याला सांगून उपयोग नाही.

जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, पाणी हिरवं झालं. मेथीसारखं, पालकासारखं, असं काही नाव घेण्यासारखं हिरवं असतं तरी चाललं असतं. हे डबक्यात म्हैस बसून उठल्यावर जे राहतं, त्यातलं हिरवं होतं. भगवंतरावांनी काठावर उभं राहून खाली पाहिलं. मिशी तर सोडाच, त्यांना त्यांचं डोकंही दिसलं नाही.

आता हे टाकं कोणतं आणि त्याचा आरसा कशाला करायचा होता, ते सांगून टाकतो. अकोल्याहून अमरावतीकडे येताना खारपाणपट्ट्यात जी बाजारगावं लागतात, त्यातल्या एकात शफीकचं जिनिंग, आणि त्याच आवारात घर. जिनिंग म्हटलं की कापूस आला, कापूस आला की आग आली आणि आग आली की कायद्यानं पाण्याचं टाकं आलं. लांबलचक, पुरुषभर खोल, चारी बाजूंनी भिंत आणि एका टोकाला उतरायला पायऱ्या. पण त्या वर्षांत वऱ्हाडात सगळंच उलटं चाललेलं. कापूस पिके, भाव पिकत नसे. जो काही कापूस निघे तो नव्या मशिनींच्या जिनिंगकडे जाई आणि शफीकच्या जुन्या मशिनींवर चिमण्या संसार करत. मुंबई-दिल्लीहून मात्र गाड्या भरभरून लोक येत. ते कापूस घ्यायला नाही, अभ्यास करायला येत. त्या वर्षांत आमच्याकडे कापसापेक्षा अभ्यास जास्त झाला.

अशा रिकाम्या वर्षात हलीमाबीचा हजचा नंबर लागला. हलीमाबी म्हणजे शफीकची आई, घरात अम्मा. घरात साखर वाटली गेली, आणि साखर वाटायला अम्मा उठल्या तेव्हा भिंत धरून उठल्या. तेव्हा सगळ्यांना गुडघे आठवले. तिथं रोज कोस-कोस चालायचं. आणि सोबत जाणार कोण, तर अम्मांचे परतवाड्याचे थोरले भाऊ, हसनैनमामू. मामूंचे पाय घोड्यासारखे, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि डॉक्टर म्हणे अजून पिकला नाही. ठरलं असं होतं की मामू चालतील आणि अम्मा बघतील. गजालानं, म्हणजे शफीकच्या बायकोनं, हळूच चाकाच्या खुर्चीचा विषय काढला. अम्मा म्हणाल्या, “ढकलंन कोन? हसनैन? तो मले घिऊन कोन्या भिंतीत जाईन त्याचं त्याले समजनार नाही.”

खुर्चीचा विषय तिथंच मिटला. शफीकला तर त्या दिवसापासून झोपेत एकच चित्र दिसू लागलं. लाखो माणसं एका दिशेनं चाललेली आणि मधोमध त्याची आई बसलेली, शेजारी मामू उभे, भलतीकडेच पाहत.

अकोल्याच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. छातीएवढ्या पाण्यात रोज अर्धा तास चाला. अंगाचं वजन पाणी उचलतं, गुडघा मोकळा होतो, जायच्या दिवसापर्यंत पाय चालते होतील. अम्मांनी ऐकून घेतलं आणि तीन अटी घातल्या. एक, परक्या पुरुषाची नजर पडता कामा नये. दोन, ब्लिचिंगचा वास येता कामा नये, कारण नळाला ब्लिचिंग आलं की त्यांना दिवसभर शिंका येत. आणि तीन, टाक्याचा तळ दिसला पाहिजे.

“तळ दिसत नाही त्या पान्यात मी पाय घालनार नाही,” त्या म्हणाल्या. “खाली काय बसलं हाये, मले काय मालूम?”

अम्मा एरवी वऱ्हाडी बोलत. राग आला की उर्दूवर येत. हे त्या वऱ्हाडीत बोलल्या, म्हणजे अजून आशा होती.

पहिली अट टाक्याच्या भिंतींनी आणि वरून बांधलेल्या कनातीनं भागली. दुसरीसाठी शफीकनं नागपूरहून मशीन आणलं. मोठ्या हॉटेलांत असतं तसं. हे मशीन पाण्यातल्या मिठातूनच थोडं थोडं क्लोरीन काढतं आणि पाणी स्वच्छ ठेवतं. ब्लिचिंग नको, वास नको. मशीन बसवायला तौहीद नावाचा इंजिनियर आला होता. तो जाताना म्हणाला, सर, आता ह्याच्यात पोत्यांनी मीठ टाकावं लागेल.

शफीक हसला. भगवंतरावही हसले. चौकीदार डोमाजी, ज्याला काय चाललंय हे ठाऊक नव्हतं, तोही हसला.

“खारपानात मीठ इकत घ्यू?” शफीक म्हणाला. “आमच्या बोअरच्या पान्यात डाळ शिजत नाही, साबनाले फेस येत नाही आन् चहा पाजला तर पाहुना दुसऱ्यांदा येत नाही. वरच्यानं मीठ टाकूनच पाठवलं हाये बापा.”

आणि त्यानं बोअरच्या पाण्यानं टाकं छातीएवढं भरलं. मशीन लावलं. मशीनवर हिरवा दिवा लागला. म्हणजे मीठ पुरेसं आहे. हा दिवा शफीकनं दिवसभरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. पोस्टमनला दोनदा दाखवला. आरशाची भाषा त्यानं केली ती ह्याच दिव्याच्या उजेडात.

तर जुम्म्याला दिवाही हिरवा आणि पाणीही हिरवं.

शफीकनं तौहीदला फोन लावला. तौहीदनं विचारलं, पीएच किती आहे? शफीक म्हणाला, किती पाहिजे?  मग तौहीदनं, मुलीच्या बापाशी जपून बोलावं तशा आवाजात, समजावलं. सर, मशीनला पाण्यात क्षार आहे एवढंच कळतं, कोणता ते कळत नाही. तुमच्या पाण्यात मीठ कमी आणि सोडा जास्त आहे. सोडा जास्त म्हणून पीएच चढला. पीएच चढला की क्लोरीन नुसतं नावाला असतं. मशीनबरोबर एक डबी दिली आहे, तिच्यातली नळी पाण्यानं भरा, थेंब टाका, जो रंग येईल तो कार्डावरच्या रंगाशी जुळवा आणि मला सांगा.

काम एवढंच होतं. रंग जुळवायचा.

शफीकनं थेंब टाकले, नळी हलवली आणि म्हणाला, “लाल.” गजाला म्हणाली, “हे लाल असते? हे गुलाबी हाये.” शेजारच्या माणिकबाई लोणच्याची बरणी परत द्यायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, डाळिंबी. अम्मांनी पलंगावरूनच नळी मागवली, चष्म्याच्या वरून पाहिली आणि आपल्या लग्नातल्या दुपट्ट्याचा रंग सांगितला, जो हयात माणसांपैकी कोणीच पाहिला नव्हता. कार्डावर तर पाचच चौकोन होते, पिवळ्यापासून गडद गुलाबीपर्यंत. प्रत्येकाला आपला चौकोन दिसत होता. नवरा-बायकोत शब्दाला शब्द वाढला, आणि गजालानं असं ऐकवलं की ज्या माणसानं वलीम्याला, म्हणजे लग्नाच्या जेवणाला, मरून रंग सांगून चॉकलेटी शेरवानी घातली, त्यानं आईच्या तब्येतीचा रंग ठरवू नये.

शेवटी माणिकबाईंनीच मार्ग काढला. बाजारात किशोरचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर. उभ्या तालुक्यातल्या बायका त्याच्या नजरेवर डोळे झाकून विश्वास ठेवत. किशोरला बोलावलं. तो आला, नळी ट्यूबलाइटखाली पाहिली आणि मान हलवली. ट्यूबखाली शेड फसवतो म्हणाला. नळी आणि कार्ड घेऊन अंगणात गेला, उन्हात धरलं, मग सावलीत धरलं, मग परत उन्हात. सगळं घर त्याच्या मागे मागे फिरलं.

“हा राणी हाये,” तो म्हणाला. “पन कार्डावरचा राणी नाही. ह्याच्यात जांभळी झाक मारून राहिली. ह्याच्या पुढचा शेड हाये हा. कंपनीनं काढलाच नाही.”

म्हणजे शफीकच्या टाक्याचा रंग कार्डाच्या बाहेर गेला होता. शफीकनं हे फोनवर सांगितलं तेव्हा तौहीदनं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, सगळ्यात सोपं म्हणजे अर्धं पाणी फेका आणि अर्धं गोडं पाणी भरा, टँकरनं.

ही सूचना अम्मांच्या कानावर गेली. गावाला गोडं पाणी आठवड्यातून दोनदा येई, तेही नळाला तोंड लावावं लागेल एवढं. अम्मा उर्दूवर आल्या. “लोगों के पीने के पानी में मैं पाँव डुबाऊँ? और फिर अल्लाह के घर जाऊँ? किस मुँह से जाऊँ?” शफीकनं टँकरचं नाव पुन्हा काढलं नाही. खरं म्हणजे तिथं त्याला आपल्या आईचा अभिमान वाटला, पण सोपा रस्ता बंद झाला होता आणि दिवस कोणासाठी थांबत नव्हते.

उरलं अ‍ॅसिड. फरशी धुवायचं असतं ते. तौहीदनं मात्रा सांगितली ती हजार लिटरला अमुक मिलिलिटर अशी. शफीक बी.कॉम. झालेला, त्याला मिलिलिटर कळायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात भगवंतराव धुरा उतरून आले.

“हे लिटरचं काढू नोका,” ते म्हणाले. “फवारनीचा हिशेब करा. पंपाले किती झाकनं?”

भगवंतरावांनी उभा जन्म फवारणीत काढला होता. पंधरा लिटरचा पंप, त्याला औषधाची दोन झाकणं. जगातलं कोणतंही द्रव्य त्यांना ह्याच भाषेत कळे. सर्दी झाली तर डॉक्टरलाही ते विचारत, पंपाले किती? त्यांनी टाक्याचे पंप केले, पंपाची झाकणं केली, झाकणांचे कॅन केले. हिशेब अचूक होता. फक्त झाकण कोणतं, हे कोणी विचारलं नाही. तौहीदच्या मात्रेप्रमाणे शिशीचं झाकण भरायला हवं होतं. भगवंतरावांच्या डोळ्यांपुढे पाच लिटरच्या डब्याचं झाकण होतं, ज्यात माणूस चहा पिऊ शकतो. (पिऊ नये.)

गावातल्या तिन्ही हार्डवेअरच्या दुकानांतलं अ‍ॅसिड संपलं. एका दुकानदारानं शफीकला बाजूला घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. शफीकनं तोंडाला गजालाची ओढणी बांधली, डोमाजीला लांब उभं केलं आणि काठाकाठानं अ‍ॅसिड ओतत गेला.

पाणी आधी गप्प होतं. मग एका कोपऱ्यात सू-सू असा आवाज आला. मग सगळ्या टाक्यातून बुडबुडे वर येऊ लागले. बारीक, असंख्य, एकसारखे. सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तसं अख्खं टाकं फसफसायला लागलं. खारपाणातला सगळा सोडा अ‍ॅसिड पाहून एकदम उठला होता. डोमाजी रस्त्यापर्यंत पळाला आणि तिथून त्यानं जे पाहिलं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. पाव तासात टाक्याभोवती जत्रा. कनातीचं काय झालं ते शफीकला शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी म्हणे जमिनीतून गॅस निघाला. कोणी म्हणे पेट्रोल निघेल. माणिकबाई म्हणाल्या, लिंबू पिळून पाहा.

आणि नेमकी त्याच वेळी रस्त्यावरून अभ्यास गटाची जीप चालली होती. त्या वर्षांत ह्या लोकांना एक खोड लागली होती. कुठं घोळका दिसला की गाडी थांबवायची. चार जण उतरले. त्यातल्या टोपीवाल्या साहेबांनी पाणी पाहिलं, वाकून वास घेतला, खोकले आणि विचारलं, “हे कधीपासून होतंय?”

“दुपारच्या चहापासून,” शफीक खरं तेच बोलला.

साहेबांनी ‘अलीकडे’ असं लिहून घेतलं. मग विचारलं, ह्याचा शेतीवर काय परिणाम झाला. शफीक अ‍ॅसिडबद्दल सांगणार, तोवर भगवंतराव पुढं झाले आणि त्यांनी गेल्या सात हंगामांची बोंडअळी, पाऊस, बियाणं आणि सोसायटीचा चेअरमन हे सगळं साहेबांना ऐकवलं. साहेबांनी तेही लिहून घेतलं. अशा प्रकारे भूजलातून वायू निघण्याचा आणि सोसायटीच्या चेअरमनचा संबंध प्रथमच जोडला गेला. जाताना त्यांनी पाण्याचा नमुना बाटलीत घेतला आणि तलाठ्याला बोलावून सांगितलं, अहवाल येईपर्यंत ह्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही. तलाठ्यानं टाक्याभोवती सुतळी बांधली आणि सुतळीला लाल फडकं.

अम्मांच्या जायच्या तारखेचं कॅलेंडर स्वयंपाकघरात होतं. शफीकनं त्या दिवसापासून स्वयंपाकघरात जाणं सोडलं. जेवण बाहेरच्या खोलीत मागवू लागला. अम्मा मात्र रोज सकाळी भिंत धरून, काठी टेकत अंगणाच्या दारापर्यंत येत आणि विचारत, “दिसला का रे तळ?” शफीक म्हणे, दिसंन अम्मा. एकदा आईला उंबरठा ओलांडताना त्यानं मागून पाहिलं. उजवा पाय उचलायला तिनं दोन्ही हातांनी मांडी धरली होती. त्या दिवशी तो उठला आणि अमरावतीची बस धरली.

नमुना कुठल्या कचेरीत गेला, ते शोधण्यात सकाळ गेली. ती कचेरी सापडली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. सुट्टी संपली तेव्हा खिडकीतल्या बाबूंनी त्याचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. नमुना तपासून झालाय, म्हणाले. फक्त शिफारस लिहायची राहिली. त्यासाठी माहिती अपुरी आहे.

“पीक कोणतं?” बाबूंनी विचारलं.

“पीक नाही साहेब. आई हाये.”

बाबूंनी पेन खाली ठेवलं. त्यांना राग आला नव्हता. त्यांना अडचण आली होती. पाणी कशासाठी, ह्यापुढं पिकाचं नाव लिहावं लागतं, आणि पिकांत आई बसत नव्हती. शफीकनं गुडघे सांगितले, हज सांगितली, मामूंचा मोतीबिंदू सांगितला. बाबू विरघळले. माणूस चांगला होता. पिकाचं आपण नंतर पाहू, म्हणाले, आधी दुसरं सांगा. बागायती का कोरडवाहू?

शफीकनं आईचा विचार केला. जन्मात ती गुडघाभर पाण्याच्या पुढं कधी गेली नव्हती.

“कोरडवाहू,” तो म्हणाला.

अहवाल मिळाला. सदर पाणी कपाशीस मध्यम, संत्र्यास अयोग्य. वायू आढळला नाही. शफीक तो अहवाल छातीशी धरून घरी आला आणि तलाठ्यानं सुतळी सोडली. लाल फडकं मात्र डोमाजीनं डोक्याला बांधायला ठेवून घेतलं.

पुन्हा नळी, पुन्हा थेंब, पुन्हा किशोर. आता रंग पिवळा आला. किशोर म्हणाला, हळदी. नव्हे, हळदीच्याही अलीकडचा, लिंबू-पिस्ता. म्हणजे कार्डाच्या दुसऱ्या टोकानं बाहेर. अ‍ॅसिड जास्त झालं होतं. तौहीद म्हणाला, आता धुण्याचा सोडा टाका, पण जपून. शफीकनं ह्यावेळी भगवंतरावांना कळू दिलं नाही. भीतभीत, मुठीमुठीनं, स्वतः टाकला. पण भीतीलाही माप नसतं. संध्याकाळपर्यंत रंग बरोबर आला, किशोरनं उन्हात धरून ‘मॅच’ असं जाहीर केलं, आणि दुसऱ्या सकाळी टाकं दुधानं भरलं होतं. पांढरं शुभ्र. पाण्यातला चुना बाहेर पडला होता म्हणे. हिरवं गेलं होतं, बुडबुडे गेले होते, पण हात घातला तर मनगट दिसत नव्हतं.

अम्मा दारात आल्या, पाहिलं, काही बोलल्या नाहीत. उर्दूतही नाही. 

मग माणिकबाई तुरटी घेऊन आल्या. रांजणात फिरवतो तशी तुरटी. कोणत्या घरात गढूळ पाणी तुरटीनं निवळत नाही? रांजणाला खडा, तर टाक्याला पोतं. शफीकनं डोळे मिटून पोतं रिकामं केलं, काठाकाठानं बांबूनं ढवळलं आणि हात जोडून बसला.

आणि निवळलं. खरंच निवळलं. पांढरं खाली बसत गेलं, वरचं पाणी असं झालं की वरून गेलेला बगळा त्यात दिसला. फक्त तळाशी दही लागलं. बोटभर जाड, लुसलुशीत, टाकंभर. पायानं हलवलं की पुन्हा ताक. भगवंतरावांनी ताबडतोब सुचवलं की ह्याला वरून उतरवावं, साय उतरवतात तसं. सायीसारखं ते वर नव्हतं, खाली होतं, हे त्यांच्या लक्षात आणून दिल्यावर ते म्हणाले, मंग खालून उतरवा. ह्यातलं दुसरं बरोबर निघालं. डोमाजीनं ठिबकची नळी तोंडानं ओढून, हळूहळू, इंच-इंच करत सगळं दही बाहेरच्या नालीत काढलं. त्याला तीन दिवस जेवणाची चव लागली नाही.

आणि मग ती सकाळ आली. शफीक नमाज पढून टाक्यावर गेला आणि त्याला तळ दिसला. वडिलांनी बसवलेली फरशी दिसली. एका कोपऱ्यात पडलेला, कोण जाणे कोणत्या काळातला, कंगव्याचा तुकडा दिसला. किशोरनं नळी पाहून एकच शब्द उच्चारला, “परफेक्ट.” शफीकनं पाण्यात आपलं तोंड पाहिलं. ते बरंच म्हातारं झालं होतं. पण दिसत होतं.

नवी कनात बांधली. गजालानं अम्मांचे कपडे काढून ठेवले. दुपारच्या उन्हात, पाणी कोमट झालं की उतरायचं, असं ठरलं. अजून दिवस होते. पुष्कळ नव्हते, पण होते.

अकराच्या सुमारास बाजार समितीच्या आवारात कापसाची गंजी पेटली.

आगबंब आला, त्यातलं पाणी दोन मिनिटांत संपलं, आणि मग बंबवाल्यांनी कायद्यानं जे करायचं तेच केलं. जवळचं, भरलेलं, नोंदणी असलेलं जिनिंगचं टाकं कुठं आहे ते विचारलं. गाव धावत दाखवायला आलं. शफीक कनातीपाशी दोन्ही हात पसरून उभा होता असं लोक सांगतात. पण अडवणार काय? पलीकडं लोकांचा वर्षाचा कापूस जळत होता. तो बाजूला झाला. बंबाची सोंड टाक्यात पडली. बंब भरून गेला, परत आला, पुन्हा गेला. आग आटोक्यात आली तेव्हा टाक्यात पाणी नव्हतं. पाणी खारं असल्यामुळे आग विझायला काही फरक पडला नाही, असं बंबवाल्यांनी शफीकला मुद्दाम थांबून सांगितलं. त्याला बरं वाटावं म्हणून.

तो पायरीवर बसून राहिला. गजाला येऊन शेजारी बसली आणि ह्या वेळी शेरवानीबद्दल काही बोलली नाही. थोड्या वेळानं मागून काठीचा आवाज आला. अम्मा. त्या टाक्याच्या काठाशी आल्या, खाली वाकून पाहिलं. फरशी ओली होती, चकचकत होती, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“दिसून राहिला ना तळ,” त्या म्हणाल्या.

“अम्मा, पानी नाही आता त्याच्यात.”

“मंग कायले भ्यायचं?”

आणि त्या उतरल्या. एका हातानं भिंत, एका हातानं गजाला. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. खाली पोचल्यावर त्यांनी वर पाहिलं. चहूबाजूंनी पुरुषभर भिंत, वर आभाळाचा एक चौकोन, आणि कोणाची नजर नाही. अम्मा लग्न होऊन ह्या गावात आल्या तेव्हापासून घरातून अंगणात आणि अंगणातून घरात, एवढंच चालल्या होत्या. चालण्यासाठी चालायला त्यांना गावात जागाच नव्हती. त्यांनी भिंतीला हात लावून एक फेरी मारली. मग थांबल्या, दम घेतला, “जा तुमी, मले पाहत बसू नोका,” म्हणाल्या, आणि दुसरी सुरू केली.

त्यानंतर त्या रोज उतरू लागल्या, सकाळी आणि दुपारी अस्रच्या नमाजानंतर. शफीकला वर बसायची परवानगी नव्हती, म्हणून तो गोदामामागं उभा राहून काठीचे ठोके ऐके. ठोका चुकला की तो गोदामाच्या कोपऱ्यापर्यंत पुढं येई. दोन आठवड्यांनी ठोके यायचे बंद झाले, तेव्हा अम्मा पडल्या-झडल्या काय म्हणून तो धावत गेला. काठी पायरीवर ठेवलेली होती आणि अम्मा टाक्याच्या मधोमध, कुठंही हात न लावता, सावकाश, डुलत चालत होत्या. त्यांनी त्याला पाहिलं आणि पडद्याचा नियम मोडल्याबद्दल उर्दूत झापलं. शफीक परत गोदामामागं गेला आणि तिथं बराच वेळ उभा राहिला. डोमाजीनं विचारलं, भाऊ, डोळ्यात काय गेलं? शफीक म्हणाला, सोडा.

अकोल्याच्या डॉक्टरांनी गुडघे पाहून सांगितलं, पाण्याचा चांगला परिणाम झालाय. शफीकनं त्यांना दुरुस्त केलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी अम्मांनी तिथं चालायला म्हणून घेतलेल्या नव्या चपला पायात घातल्या. पट्टा टाचेला लागू नये म्हणून त्या घालून टाक्यात चांगल्या दहा फेऱ्या मारल्या, आणि वर येताना खालच्या पायरीवर काढून ठेवल्या. सकाळी निघायच्या आधी एक फेरी मारायची होती.

सकाळी जीप दारात लागली. परतवाड्याहून निघालेले मामू अमरावतीला वाट पाहत होते, किंवा ज्या दिशेला जीप येईल असं त्यांना वाटत होतं त्या दिशेला पाहत होते. शफीक टाक्याकडं गेला. डोमाजी कागदावर अंगठा उमटवून बोट फडक्याला पुसत होता. बंबवाले फार नियमाचे निघाले, तो म्हणाला. पहाटेच आले, आणि त्या दिवशी नेलेलं सगळं पाणी जसंच्या तसं परत भरून गेले.

पाणी कालव्याचं होतं, चहासारखं. तळ दिसत नव्हता. मधोमध एक चप्पल तरंगत होती. दुसरी शोधायला वेळ नव्हता.

अम्मा गजालाच्या चपला घालून जीपकडं चालत गेल्या. त्यांच्या पायाला त्या एक नंबर मोठ्या होत्या.